घराची वही

अम्मीच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी तीन दिवस सांगितले होते. गुंतागुंत झाली आणि अकरा दिवस लागले. २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या त्या अकरा दिवसांत आमच्या चिपळूणच्या घरात काय काय अडलं, ते आम्हा भावंडांना आजही तोंडपाठ आहे. दादीच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आणि दोन रंगांच्या गोळ्यांपैकी सकाळची कोणती, रात्रीची कोणती हे कोणालाच सांगता येईना. भिशीचा हप्ता चुकला, कारण त्या महिन्यात पैसे कोणाकडे द्यायचे हेच माहीत नव्हतं. शेजारच्या घरातून आलेलं एक मोठं पातेलं कोणाचं, यावर अर्धा तास चर्चा झाली.

ही सगळी हसण्यावारी नेता आली असती. पण धाकट्या बहिणीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा नवा दाखला जोडायचा होता. अम्मीने सेतू केंद्रात कागद देऊन ठेवले होते. दाखला तयार होता, पावती तिच्या पर्समध्ये होती, पर्स कपाटात होती. मुदत नवव्या दिवशी संपली. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली आणि अब्बांनी फीसाठी दुकानाच्या मालाचे पैसे वळवले. अम्मीला हे घरी आल्यावर चार दिवसांनी सांगितलं. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "मला विचारायचं होतं ना." विचारायचं काय, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

आम्ही काही आळशी लोक नाही. घरात पाच मोठी माणसं, त्यातल्या तिघांच्या फोनमध्ये कॅलेंडर. अब्बांच्या दुकानात रोजमेळ आहे, खतावणी आहे, उधारीची वेगळी वही आहे, आणि दहा रुपयांचा फरक आला तरी ते रात्री जेवायला उशिरा येतात. दुकानाचा हिशेब कागदावर आणि घराचा अम्मीच्या डोक्यात, अशी ही वाटणी कधी झाली कोणास ठाऊक. बहुतेक घरांत ती अशीच असते. तेव्हापासून आम्ही घराची एक वही ठेवतो. ती कशी ठेवतो, कुठे फसलो आणि कशाचा उपयोग झाला, ते इथे सांगतो आहोत.

डोक्यात किती मावतं?

आधी थोडं शास्त्र, कारण "लक्षात ठेवायला काय लागतं?" असं म्हणणारे आमच्याही घरात आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये लिहिलेला एक निबंध फार गाजला. माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो, दोन इकडे, दोन तिकडे. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा आणखी खाली आणला, जवळपास चारवर. ही आयुष्यभराची स्मरणशक्ती नव्हे. या क्षणी हातात धरून ठेवलेल्या गोष्टींची ही गणती आहे. पातेलं उतरवता उतरवता "दूधवाल्याला सांगायचं, फोन करायचा, दाखला आणायचा" असं जे चालू असतं, ते.

याच्या मागे जाणारी आणखी एक गोष्ट आहे. ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बर्लिनमध्ये शिकत असताना त्यांनी लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि त्यातली निम्मी मध्येच थांबवली. १९२७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की पुरी झालेल्या कामांपेक्षा अर्धी राहिलेली कामं लोकांच्या जास्त लक्षात राहतात. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत असा निकाल आला नाही, हेही सांगायला हवं. पण अर्धवट काम मनाला टोचत राहतं, हे सांगायला आम्हाला बर्लिनला जायची गरज नाही. नमाजमध्ये उभं राहिलं की नेमकं गॅसचं बुकिंग आठवतं, हा अनुभव कोणाला नाही?

आम्हाला जास्त उपयोगी वाटला तो २०११ चा अभ्यास. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी दाखवलं की ही टोचणी थांबायला काम पूर्ण व्हावंच लागतं असं नाही. ते कधी आणि कसं करणार हे नक्की ठरवलं, तरी मन बरंचसं शांत होतं. २०१८ मध्ये टेक्ससच्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं होतं. काहींनी झालेली कामं लिहिली, काहींनी पुढच्या दिवसांत करायची. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. ५७ म्हणजे फार माणसं नव्हेत. तरी अम्मीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "नऊच?"

पहिली दोन पानं

अम्मी अजून उठून काम करत नव्हती तेव्हा आम्ही दोनशे पानी लांब वही आणली आणि तिच्या पलंगाशी बसलो. म्हटलं, घराचं जे काही तुझ्या डोक्यात आहे ते सांग, क्रम लावू नकोस. तिने सांगितलं, आम्ही लिहिलं. दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या संध्याकाळी २४ गोष्टी झाल्या आणि ती म्हणाली, बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी १९ आणखी निघाल्या. एकूण ४३.

त्यात काय नव्हतं? वरच्या खोलीच्या खिडकीची कडी. खालाच्या मुलीच्या निकाहला द्यायच्या भेटीचे पैसे बाजूला काढणे. रेशनकार्डावर दादीचं नाव चुकीचं आहे ते दुरुस्त करणे. मोठ्या भावाच्या मुलाचा पासपोर्ट. पावसाळ्याआधी कौलं फिरवणे. मदरशात मुलाची फी. एका विधवा शेजारणीला महिन्याला जे धान्य जातं, ते.

मग आम्ही प्रत्येक कामासमोर ते कोण करतं त्याचं नाव लिहिलं. ४३ पैकी ३१ समोर अम्मीचं नाव आलं. अब्बांची सहा, उरलेली सहा आम्हा सगळ्यांची मिळून. कोणी काही बोललं नाही. अब्बांनी वही घेतली, दोनदा वर-खाली पाहिली आणि खिशातलं पेन काढून सात नावं खोडून तिथे स्वतःचं लिहिलं. यादीचे फायदे सांगणारी पुस्तकं खूप आहेत, पण हा फायदा आम्ही त्यात कुठे वाचला नव्हता. बाईच्या डोक्यातली यादी कोणाला दिसत नाही म्हणून तिचं ओझंही कोणाला दिसत नाही. ती घरी "बसलेली" असते. कागदावर उतरली की मोजता येते, आणि मोजता आली की वाटता येते.

काम लिहायची पद्धत

पहिला महिना वही अपयशी ठरली. कारण साधं होतं. आम्ही "पासपोर्ट" असं लिहिलं होतं. "पासपोर्ट" हे काही काम नाही. ते नुसतं नाव आहे. त्याच्याकडे पाहिलं की छातीत धस्स होतं आणि पान उलटलं जातं. अमेरिकेतले डेव्हिड ॲलन यांचं गेटिंग थिंग्ज डन हे पुस्तक २००१ मध्ये आलं. त्यातली बरीच पद्धत ऑफिसवाल्यांसाठी आहे, आमच्यासारख्या घराला ती जड जाते. पण त्यांचा एक मुद्दा सोन्यासारखा आहे: प्रत्येक गोष्टीची लगेचची पुढची पायरी लिहा, हाताने करता येईल अशी. "पासपोर्ट" खोडून आम्ही लिहिलं, "मुलाचा जन्माचा दाखला वरच्या ट्रंकेत शोधणे". ते दहा मिनिटांत झालं. मग "दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का पाहणे". जुळत नव्हतं. एका ठिकाणी "शेख" होतं आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हतं. आपल्या घरांत हे किती होतं ते वाचकांना वेगळं सांगायला नको. पण ते ट्रंकेपाशी कळलं. भाऊ तिकीट काढून बसल्यावर कळलं असतं तर केवढ्याला पडलं असतं!

ॲलन यांचा दुसरा नियमही आम्ही घेतला: दोन मिनिटांत होणारं काम लिहायचंच नाही, करून टाकायचं. यावर दादी म्हणाली की हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

खुणा तीनच ठेवल्या. काम लिहिलं की समोर टिंब, झालं की फुली, पुढच्या आठवड्यात ढकललं की बाण. ही युक्ती रायडर कॅरोल यांच्या बुलेट जर्नल नावाच्या पद्धतीतून घेतली. त्यात गंमत अशी की ढकललेलं काम नव्या पानावर पुन्हा हाताने लिहावं लागतं. फोनमध्ये राहिलेलं काम आपोआप उद्यावर जातं, कोणाला काही दुखत नाही. हाताने तिसऱ्यांदा लिहिताना मात्र माणूस स्वतःलाच विचारतो की हे खरंच करायचंय का. आमची बरीच कामं अशी खोडली गेली आणि त्यांच्यावाचून कोणाचं काही अडलं नाही.

तारखा दोन तऱ्हेच्या

स्वयंपाकघराच्या दारामागे सगळ्यांकडे असतं तसं भिंतीवरचं कॅलेंडर आमच्याकडेही होतंच. दुधाचे खाडे, सिलिंडर लागल्याची तारीख, कामवाल्या बाईची सुट्टी हे सगळं त्या चौकोनांत लिहिलेलं असायचं. मराठी घरातली कामांची सर्वांत जुनी यादी तीच असावी. तिची अडचण एकच, ३१ डिसेंबरला ती रद्दीत जाते. दोन-पाच वर्षांनी येणारी गोष्ट तिच्यात मावत नाही.

म्हणून वहीच्या मागच्या बाजूने आम्ही तारखांची पानं सुरू केली. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, लहान मुलांचा पाच वर्षांचा. गाडीचा विमा, पीयूसी, घरपट्टी, उत्पन्नाचा दाखला. हा दाखला साधारण ३१ मार्चपर्यंतच चालतो, मग तो फेब्रुवारीत काढलेला असो. इथे आम्ही एक गोष्ट शिकलो, आणि संपूर्ण वहीतली ही सर्वांत कामाची गोष्ट म्हणायला हरकत नाही. संपण्याची तारीख लिहून भागत नाही. हालचाल सुरू करायची तारीखही लिहायची. पासपोर्ट मार्चमध्ये संपत असेल, तर अनेक देश प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, म्हणजे तो खरा सप्टेंबरलाच संपला. मग "सुरू" या रकान्यात जून लिहायचा. घरात कोणी आखातात असेल तर हा रकाना दुप्पट महत्त्वाचा.

आपल्या घरांत आणखी एक पेच आहे, जो या विषयावरच्या इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. आपण दोन कॅलेंडरांवर जगतो. चंद्राचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. जकातीचं वर्ष चंद्राचं. अब्बा पूर्वी दर ३१ मार्चला दुकानाचा हिशेब बंद करताना जकातही काढायचे, सोयीचं म्हणून. मशिदीतल्या मौलानांशी बोलताना लक्षात आलं की इंग्रजी वर्षाने ३३ वर्षं जकात देणाऱ्याची चंद्रवर्षं ३४ झालेली असतात. म्हणजे एका अख्ख्या वर्षाची जकात नकळत राहून जाते. अब्बा तसे मोजके बोलतात. त्या दिवशी त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला आणि मागची बावीस वर्षं मोजली.

आता जकातीची तारीख आमच्या वहीत हिजरी महिन्यात आहे, आणि शेजारी त्या वर्षीची इंग्रजी तारीख, "अंदाजे" असं लिहून, कारण चंद्राचं काही सांगता येत नाही. जकात दिली की त्याच दिवशी पुढच्या वर्षाची ओळ लिहायची. फोनच्या नेहमीच्या आठवणीवर हे सोपवू नका. "दर वर्षी" असं सांगितलं तर तो इंग्रजी तारखेनेच वाजतो. राहिलेल्या रोज्यांची मोजदादही अशीच. घरातल्या बायकांनी ती आपापल्या छोट्या डायरीत ठेवली आहे, घराच्या वहीत नाही. ती खाजगी गोष्ट आहे. पण रमजान संपल्याबरोबर आकडा लिहून ठेवला नाही तर शाबानमध्ये कोणाला आठवत नाही, हे आमच्या बहिणीचं म्हणणं.

देणं-घेणं

हा भाग लिहायला आम्हाला जड जातं, तरी लिहितो.

दादा गेले तेव्हा, रिवाजाप्रमाणे, जनाज्याच्या नमाजआधी अब्बांनी उभं राहून सांगितलं की मरहूमकडून कोणाचं काही येणं असेल तर आमच्याकडे यावं. तेव्हा कोणी आलं नाही. तीन महिन्यांनी एक गृहस्थ आले. म्हणाले, दादांनी वीस हजार घेतले होते. कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. माणूस भला, नमाजी, दादांच्या उठण्या-बसण्यातला. अब्बांनी पैसे दिले. पण देताना मनात जो किंचित किंतू आला तो गेला नाही. आजही ते गृहस्थ रस्त्यात भेटले की सलाम होतो आणि दोन्हीकडून नजर जराशी वळते. बहुधा ते अगदी खरं बोलत होते. एका ओळीच्या नोंदीने त्यांची इज्जतही राहिली असती आणि दादांचीही.

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरे बकराची २८२ वी, याच विषयावर आहे: मुदतीचं कर्ज लिहून ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. त्यात एक बारकावा आहे जो आम्ही कित्येकदा ऐकूनही लक्षात घेतला नव्हता. मजकूर सांगायचा तो देणेकऱ्याने. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने स्वतःच्या तोंडाने रक्कम कबूल करायची. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहाराला मात्र सूट आहे. आपल्याकडे उलटं चालतं. किराण्याचं बिल जपून ठेवतो आणि मेहुण्याला दिलेले पन्नास हजार "आपलेच तर आहेत" म्हणून लिहीत नाही. लिहिलं तर समोरच्याला वाईट वाटेल ही भीती. आमचा अनुभव सांगतो, वाईट वाटतं ते नंतर, आठवण करून द्यायची वेळ येते तेव्हा.

त्यामुळे देणं-घेणं या पानावर आमच्याकडे ज्याने घेतले तोच लिहितो. तारीख, रक्कम, परत कधी, खाली सही. बहिणीने भावाकडून घेतलेले दोन हजारही तिथे आहेत. परत केले की फुली, पण ओळ खोडायची नाही, वाचता आली पाहिजे. याच पानावर अमानतीही आहेत: खालाच्या दोन बांगड्या आमच्या कपाटात आहेत, आमची शिवणयंत्राची पेटी तिच्याकडे. वसियतीबद्दल बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत असलेली हदीस सगळ्यांनी ऐकलेली असते: ज्याच्याकडे वसियत करण्यासारखं काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत. दोन रात्री! आम्ही अकरा रात्री काढल्या होत्या, तेव्हा कळलं की हिशेब फक्त मरणाऱ्याचा नसतो. जो नुसता दवाखान्यात जातो, त्याचाही असतो.

इरादे आणि कामं

वहीत इराद्यांचं एकच पान आहे आणि त्यावर पाचपेक्षा जास्त ओळी लिहायच्या नाहीत असं ठरलं आहे. "हजला जायचं" ही ओळ अब्बा-अम्मीच्या बोलण्यात आम्ही शाळेत असल्यापासून होती. इन्शाअल्लाह म्हणायचं आणि विषय तिथेच राहायचा. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात दाखवलं की "अमुक करायचं आहे" असं म्हणण्यापेक्षा "अमुक वेळ आली की मी तमुक करीन" असं ठरवणारे लोक ते काम पार पाडण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणून हजच्या ओळीखाली अब्बांनी लिहिलं: दर महिन्याच्या पाच तारखेला, दुकानाचं भाडं दिल्याबरोबर, चार हजार वेगळ्या खात्यात. भाडं कधी चुकत नाही, म्हणून हेही चुकत नाही. निदान फारसं चुकत नाही. पुराच्या वर्षी सात महिने बंद होतं.

सुचलेलं कुठे ठेवायचं

कल्पनांचं पान आम्ही जरा संकोचानेच सुरू केलं, कारण साध्या घराला कल्पना कसल्या? पण आपल्या परंपरेत याची फार सुंदर उदाहरणं आहेत. इमाम बुखारींबद्दल चरित्रकारांनी नोंदवलं आहे की रात्री झोपेतून उठून ते दिवा लावायचे, मनात आलेली गोष्ट टिपायचे, दिवा मालवून आडवे व्हायचे, आणि एका रात्रीत असं वीसेक वेळा व्हायचं. बाराव्या शतकातले बगदादचे विद्वान इब्नुल जौझी यांनी तर आपल्या पुस्तकाचं नावच सैदुल खातिर ठेवलं, म्हणजे मनात येणाऱ्या विचारांची शिकार. विचार हरणासारखा येतो आणि निसटतो, म्हणून बांधून ठेवायचा. आपल्या काळात जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान यांनी हेच चिठ्ठ्यांवर केलं. सुमारे ९० हजार चिठ्ठ्या, प्रत्येकीला क्रमांक आणि दुसऱ्या चिठ्ठीचा पत्ता. आमच्या घरात तेवढे विचार येत नाहीत.

पण अम्मीने २०१९ मध्ये या पानावर लिहायला लावलेली एक ओळ अशी होती: "रमजानात सांदणांच्या ऑर्डरी घेतल्या तर?" दोन वर्षं ती तिथेच पडून होती. कल्पनेच्या पानाला मुदत नसते, तिच्यासमोर टिंब नसतं, तिची लाज वाटत नाही. २०२२ च्या रमजानात ती ओळ कामांच्या पानावर आली. पहिली पायरी: "इडलीपात्र मोठं कितीला मिळतं ते विचारणे".

वही की फोन?

आमचा भाचा दर सहा महिन्यांनी नवीन ॲप आणतो. त्यात रंग असतात, आलेख असतात, चढत जाणारे आकडे असतात. तो यादी सजवत बसतो आणि त्यातलं काम दुसरंच कोणी करतं. फोनमध्ये ठेवलेली यादी एकाचीच राहते. त्यावर कुलूप असतं, आणि दादीला, अब्बांना ती दिसत नाही. वही फ्रिजवर पडलेली असते, येणारा-जाणारा उघडतो.

पण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा वही फ्रिजसकट पाण्यात गेली. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर होतो, खालचं काही वाचवता आलं नाही. चार दिवसांनी चिखलातून ती काढली तर शाई विरघळून पानं निळी झाली होती. वाचलं ते एका सवयीमुळे. कुवेतच्या भावाला घरचं कळावं म्हणून आम्ही दर महिनाअखेर तारखांच्या आणि देण्या-घेण्याच्या पानांचे फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचो. ३० जूनचे फोटो त्याच्याकडे होते. पासपोर्टांचे, दाखल्यांचे, विम्याचे नंबर त्यावरून मिळाले. पंचनाम्याच्या आणि विम्याच्या कागदांसाठी अब्बा ज्या दिवशी बाहेर पडले, त्यांच्या हातात ती यादी होती. म्हणून आता आमचं उत्तर "दोन्ही" असं आहे. लिहायचं हाताने, फोटो घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाकडे. आणि एक गोष्ट वहीत कधीच लिहायची नाही: बँकेचा पिन, पासवर्ड. वही सगळ्यांसाठी आहे, म्हणजे ती कोणाच्याही हाती लागू शकते.

रविवारची वीस मिनिटं

नुसतं लिहून ठेवलेलं काम होत नाही, कोणीतरी ते पान उघडावं लागतं. आमच्याकडे रविवारी असर आणि मगरिबच्या मध्ये चहाबरोबर वही उघडते. वीस मिनिटं. आठवड्याची टिंबं वाचायची, फुल्या मारायच्या, बाण काढायचे, मागची तारखांची पानं पुढच्या दोन महिन्यांपुरती बघायची. अब्बा लिहीत नाहीत, सांगतात. दादीला लिहिता-वाचता येत नाही. ती प्रत्येक रविवारी विचारते, "माझं लिहिलंस का?" तिने कफनाचे पैसे कुठल्या डब्यात ठेवले आहेत, कोणाला सांगायचं आणि दागिन्यांतलं काय कोणत्या नातीला द्यावं असं तिला वाटतं, हे सगळं तिने आम्हाला एका दुपारी सांगून लिहून घेतलं. खाली अंगठा उठवला. लिहून झाल्यावर पान परत वाचून दाखवायला लावलं आणि एक दुरुस्ती केली.

हे सगळं दर आठवड्याला होतं असं समजू नका. रमजानात बंद पडतं, लग्नसराईत बंद पडतं, धाकटीच्या परीक्षेच्या वेळी कोणाला वहीची आठवण येत नाही. दोनदा तर तीन-तीन महिने ती उघडलीच नाही. परत सुरू करताना मागची पानं भरून काढायचा प्रयत्न आम्ही एकदा केला आणि त्यातच पुन्हा कंटाळलो. आता सरळ कोरं पान घेतो, वर तारीख टाकतो आणि अम्मीला विचारतो, "डोक्यात काय आहे?"

सध्याची वही पाचवी आहे. गेल्या रविवारी तिच्यात सतरा टिंबं होती, त्यातली पाच अम्मीच्या नावासमोर. टाकीचा बॉलकॉक बदलणे या ओळीसमोर चौथ्यांदा बाण आला. तिथे अब्बांचं नाव आहे, त्यांच्याच अक्षरात.